सॉफ्टवेअरचा आवाज आणि साताऱ्याची पेटी

"लॉजिकचा आवाज क्युबेसपेक्षा उबदार आहे." "प्रो टूल्समध्ये मिक्स केलं की गाणं कसं मोकळं वाटतं." "एफएल स्टुडिओ म्हणजे खेळणं हो, त्यात आवाज चपटा येतो." घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या कुठल्याही दोन माणसांना एका टेबलाशी बसवा, दुसरा चहा यायच्या आत ही वाक्यं कानावर पडतात. गंमत म्हणजे तीच माणसं सॉफ्टवेअर बदलल्यावर पक्षही बदलतात, आणि नव्या पक्षाची बाजू तितक्याच पोटतिडकीने मांडतात.

मी संगीतातला माणूस नाही. सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांनी लिहिलेला कोड दुरुस्त करतो. त्यामुळे हे वाद ऐकले की माझ्या डोक्यात एकच किडा वळवळतो: मिक्सर शेवटी करतो काय? बेरीज. गायकाच्या ट्रॅकचा एक आकडा, पखवाजाचा एक आकडा, टाळाचा एक, प्रत्येकाला आवाजाच्या पातळीने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. सेकंदाला ४४,१०० वेळा. आता पुण्यात केलेली बेरीज मुंबईत केलेल्या बेरजेपेक्षा 'उबदार' कशी येईल?

हा किडा नुसताच वळवळत राहिला असता, पण फलटणच्या एका मित्रामुळे प्रकरण पैशांवर आलं. हा गडी दिवसा दुकान बघतो आणि संध्याकाळी माळ्यावर गाद्या-गोधड्या लावून केलेल्या खोलीत भजनी मंडळांची गाणी रेकॉर्ड करतो. फलटणला माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो, त्यामुळे आषाढाच्या आधी महिना-दीड महिना त्याच्याकडे रांग लागते. एक बुवा, पेटी, पखवाज, टाळ आणि मागे चार-सहा जण, एवढा ऐवज. रेकॉर्डिंग 'विकतच्यासारखं' वाटत नाही ही त्याची जुनी खंत. कुणीतरी त्याला सांगितलं की खोट तुझ्या सॉफ्टवेअरमध्येच आहे, मॅक घे आणि लॉजिकवर ये. सगळं धरून हिशोब लाखाच्या पुढे. कर्ज काढायची तयारी. मला फोन आला तो फक्त "कुठला मॅक घेऊ?" एवढ्यासाठी. म्हटलं, एक शनिवार थांब.

या प्रश्नाची परीक्षा घ्यायला कान लागतच नाहीत. दोन सॉफ्टवेअरमध्ये तेच ट्रॅक घ्यायचे, त्याच पातळीवर ठेवायचे, कुठलाही इफेक्ट लावायचा नाही, आणि दोन्हीकडून फाइल काढायची. मग एका फाइलची लाट उलटी करायची (वरचं खाली, खालचं वर) आणि दुसरीत मिळवायची. दोन्ही सारख्या असतील तर बेरीज शून्य, म्हणजे चिडीचूप. जे काही उरेल तो फरक. याला नल टेस्ट म्हणतात.

त्याच्या एका अभंगाचे अकरा ट्रॅक घेऊन मी तीन सॉफ्टवेअरमध्ये हा उद्योग केला. पहिल्या फेरीत शांतता वगैरे काही नाही, चांगलं ठणठणीत गाणं ऐकू आलं! म्हणजे फरक होता आणि भरपूर होता. पण तो कशामुळे होता ते बघा. एकाच माइकने घेतलेला ट्रॅक दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये ठेवला की तो दोन्हीकडून वाजतो, म्हणून एकट्या स्पीकरपेक्षा मोठा वाटतो. तो किती खाली घ्यायचा, याचे नियम वेगवेगळे आहेत. कुठे ३ डेसिबल, प्रो टूल्समध्ये बरीच वर्षं २.५, तर कुठे अजिबात नाही. याला पॅन लॉ म्हणतात. आता आमच्या अभंगात बुवांचा आवाज एका माइकचा आणि तानपुरा स्टिरिओ. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात गेलं की बुवा तानपुऱ्याच्या तुलनेत ३ डेसिबलने मागेपुढे सरकणार. ऐकणारा म्हणणार, "याचा साउंड जास्त मोकळा आहे." त्याचं ऐकणं खोटं नाही, त्याने लावलेलं कारण खोटं आहे.

पॅन लॉ सारखा केला. एका ठिकाणी ऑडिओ आपोआप गाण्याच्या लयीत ताणून बसवायची सोय चालू होती, ती बंद केली. डिदर बंद केलं. मग उरला तो फरक उणे १४० डेसिबलच्याही खाली. रात्री घरातला पंखा बंद केल्यावरसुद्धा खोलीत ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच, आणि माणूस गाणं ऐकतो ते फार तर ९०-१०० डेसिबलवर. म्हणजे आपल्याला मिळणारी जागा सत्तर डेसिबलची. १४० खाली काय चाललंय ते ऐकायला वटवाघूळही पुरणार नाही.

आणि तो उरलेला कचराही का उरतो हे प्रोग्रामर लोकांना ठाऊक आहे. फ्लोटिंग पॉइंटमध्ये बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा बिट हलतो. ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही म्हणून पहिल्या नोकरीत सगळ्यांनीच डोकं धरलेलं असतं, तोच हा प्रकार.

मग ही समजूत आली कुठून? निव्वळ अफवा म्हणून सोडून देता येत नाही, कारण तिच्या मुळाशी थोडा इतिहास आहे. प्रो टूल्स १९९१ साली आलं. नव्वदच्या दशकात त्याची मोठी सिस्टिम कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर नाही, तर वेगळ्या कार्डावरच्या मोटोरोलाच्या डीएसपी चिप्सवर चालायची. तिथे एका टप्प्यातून दुसऱ्यात आवाज जायचा तो २४ बिट फिक्स्ड पॉइंटमध्ये. फिक्स्ड पॉइंट म्हणजे ठरलेल्या उंचीचा डबा: वर गेलं की कापलं जाणार, खूप खाली ठेवलं तर तळाचा तपशील जाणार. त्या काळात 'मिक्स कुठे केलं' याला अर्थ होता, निदान निष्काळजी माणसाच्या हातात तरी होता. पुढे फ्लोटिंग पॉइंट आलं आणि डब्याची उंचीच लवचीक झाली. २००५ मध्ये सोनारने ६४ बिट मिक्सिंगची जाहिरात केली, मग इतरही हळूहळू तिकडे गेले. आजार बरा झाला, पथ्य मात्र राहिलं.

ही फसगत काही सॉफ्टवेअरपासून सुरू झालेली नाही. एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत १९१५ पासून दहाएक वर्षं 'टोन टेस्ट' नावाचे जाहीर कार्यक्रम केले. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. मध्येच दिवे घालवायचे, आणि दिवे लागल्यावर लोकांना दिसायचं की बाई केव्हाच निघून गेल्यात, गातंय ते यंत्र! लोक थक्क. अॅना केस या गायिकेने पुढे म्हातारपणी सांगितलं की ती आपला आवाज यंत्राच्या आवाजाला जुळवून घेत असे. म्हणजे यंत्र माणसासारखं गात नव्हतं, माणूस यंत्रासारखा गात होता. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) उलट बाजूचा प्रयोग २००७ चा. बॉस्टनच्या मेयर आणि मोरन यांनी उच्च दर्जाच्या सुपर ऑडिओ सीडीचा आवाज आणि तोच आवाज साध्या सीडीच्या १६ बिट साखळीतून काढलेला, असे दोन्ही लोकांना न सांगता ऐकवले. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं.

असो. तर मॅक रद्द झाला. पण मित्राचा प्रश्न तसाच राहिला: "मग माझं रेकॉर्डिंग खटकतं का?" खटकत होतंच. मलासुद्धा.

पुन्हा अकराही ट्रॅक एकेक करून ऐकले आणि कारण सापडलं. तानपुरा होता मोबाइलच्या अॅपवरून घेतलेला, काळी चारला लावलेला. पेटी मंडळाची स्वतःची, बापजाद्यांच्या वेळची. अॅपची काळी चार आणि पेटीची काळी चार यांत पाव सुराच्या जवळपास अंतर. बुवा बिचारे कधी पेटीला धरत, कधी हेडफोनमधल्या तानपुऱ्याला. अॅपमध्ये सेंट्सचं एक चाक असतं, ते फिरवून षड्ज पेटीला मिळवला. पुढचं रेकॉर्डिंग एकदम निवळलं. खर्च शून्य रुपये.

षड्ज मिळाला, पण एक खटक राहिलीच. गांधारावर. बुवा गांधारावर थांबले की सुरेख वाटायचं, आणि पेटीने तोच गांधार धरला की काहीतरी थरथरायचं. आणि इथून मी जो इतिहासात शिरलो तो थेट शंभर वर्षं मागे साताऱ्याला जाऊन पोचलो.

आधी गणित, थोडंच आहे. षड्ज २४० धरा (जुन्या मराठी-इंग्रजी पुस्तकांत बहुधा हाच आकडा असतो). खर्जाची तार त्याच्या निम्मी, १२०. तार छेडली की तिच्यातून नुसते १२० निघत नाहीत. २४०, ३६०, ४८०, ६०० असे पटीतले सूरही निघतात. यातला ६०० म्हणजे वरच्या सप्तकातला गांधार. तानपुरा नीट लागला की कुणी न छेडता ऐकू येतो तो हा, स्वयंभू गांधार. त्याचा मधल्या सप्तकातला सोबती ३००. पेटीचा गांधार मात्र ३०२.४ वर असतो, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. त्याची दुप्पट ६०४.८. तानपुऱ्याचा ६०० आणि पेटीचा ६०४.८ एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ पाच वेळा आवाज फुगतो-ओसरतो. तीच ती थरथर. सेंट्समध्ये सांगायचं तर पेटीचा गांधार सुमारे १४ सेंट्सने चढा. उणे १४० डेसिबलवर भांडणाऱ्यांना हे ऐकू येत नाही, याचं मला फार आश्चर्य वाटतं.

हार्मोनियम हे युरोपचं वाद्य. तिकडे एकोणिसाव्या शतकात पायपेटी घडली, कलकत्त्यात तिची मांडीशी घेऊन वाजवायची हातपेटी झाली, आणि मराठी संगीत नाटकांनी ती घरोघर नेली. तिचे बारा सूर आपल्या अंगवळणी इतके पडले की 'तुमची पट्टी कुठली?' या प्रश्नाचं उत्तर आपण 'काळी एक', 'पांढरी पाच' असं देतो. गळ्याचं मोजमाप परक्या वाद्याच्या पट्ट्यांच्या रंगावरून! उद्या एखाद्याने आपल्या उंचीचं माप दाराच्या चौकटीच्या ब्रँडवरून सांगावं तसं.

हे ज्यांना फार लवकर खटकलं त्यांत एक होते सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल. निवृत्त डेप्युटी कलेक्टर. पेन्शनीत माणसं गीता वाचतात, यांनी श्रुती मोजायला घेतल्या. ग्रंथांत सप्तकाच्या २२ श्रुती सांगितल्या आहेत, पण त्या नेमक्या कुठे, हा वाद होता. देवलांची पद्धत कुठल्याही इंजिनियरला आवडेल अशी: चांगल्या गवयाला गायला लावायचं, तारेवर तो सूर मिळवायचा, आणि तारेची लांबी मोजून गुणोत्तर काढायचं. गवईही साधासुधा नव्हता, खुद्द अब्दुल करीम खाँ. किराण्याचे खाँसाहेब इकडे मिरजेत रमले होते आणि सुराच्या बाबतीत त्यांचा कान म्हणजे सुप्रीम कोर्ट. १९१० मध्ये देवलांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक निघालं.

देवलांना साथीदार मिळाला अर्नेस्ट क्लेमेंट्स हा गोरा सनदी अधिकारी, न्यायखात्यातला. दोघांनी मिळून १९११ मध्ये साताऱ्यात 'फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' काढली. साताऱ्यात फिलहार्मोनिक! आज कुणी म्हटलं तर आपण हसू. क्लेमेंट्सचं भारतीय संगीताची ओळख करून देणारं पुस्तक १९१३ मध्ये लंडनला छापलं गेलं. पण या जोडगोळीचं खरं अपत्य पुस्तक नव्हे, पेटी. श्रुती-हार्मोनियम. बारा सुरांच्या साच्यात गाणं कोंबायचं नाही, गाण्याच्या मापाने साचा बनवायचा. आजच्या भाषेत, वापरणाऱ्याला दोष न देता त्यांनी डीफॉल्ट सेटिंगच बदलायला घेतलं. माझ्या लेखी ही मराठी मुलखातली पहिली 'ऑडिओ इंजिनियरिंग' कंपनी, भले नाव सोसायटी असो.

मार्च १९१६ मध्ये बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने अखिल भारतीय संगीत परिषद भरली. सूत्रधार पंडित विष्णू नारायण भातखंडे. तिथे श्रुती-हार्मोनियमचं प्रकरण मांडलं गेलं, गवयांच्या गळ्याशी ताडून पाहिलं गेलं, आणि परिषदेला ते पटलं नाही. भातखंड्यांचा आक्षेप थोडक्यात असा की प्रत्यक्ष गाणारे या आकड्यांवर गात नाहीत. यात मौज अशी की ज्यांनी बावीस सुरांची पेटी नाकारली त्या भातखंड्यांनी राग शिकवायला जे दहा थाट बसवले ते बाराच स्वरांतून. म्हणजे पेटी हरली आणि पेटीचे बारा सूर जिंकले.

पण देवल चुकले होते का? इथे माझं मत शंभर टक्के एका बाजूला झुकत नाही. गांधार ३०० वर असावा हे त्यांचं म्हणणं तानपुराच सिद्ध करतो. त्यांची अडचण वेगळी होती. १९६३ मध्ये जैरझभॉय आणि स्टोन यांनी मोठ्या कलाकारांच्या रेकॉर्डिंगमधले सूर यंत्राने मोजले. निघालं असं की तोच शुद्ध गांधार दोन कलाकारांचा वेगळा, आणि एकाच कलाकाराचा एकाच मैफलीत दोन वेळी वेगळा. दरबारीचा कोमल गांधार तर एका जागी उभाच राहत नाही, झुलतो. बाराऐवजी बावीस खिळे ठोकले तरी खिळे ते खिळेच. देवलांनी जे मोजलं ते खरं होतं, पण तो एका क्षणाचा फोटो होता.

पेटीचं पुढचं चरित्र सगळ्यांना थोडंफार माहीत आहे. १९३८ मध्ये दिल्ली रेडिओवरच्या जॉन फाउल्ड्स या इंग्रज संगीतकाराने पेटीवर झणझणीत लेख लिहिला. जानेवारी १९४० मध्ये रवींद्रनाथांनी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून तिला हाकलायला सांगितलं, आणि १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटी बंद. १९७१ च्या सुमारास ही बंदी अर्धवट उठली. तोवर गावोगावच्या भजनी मंडळांनी बंदीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, हे सांगायला नकोच. फलटणच्या त्या पेटीवर मी हात ठेवला तेव्हा हे सगळं डोक्यात होतं, पण मंडळाचे पेटीवाले काका म्हणाले, "साहेब, पेटी हाय म्हणून आमची पोरं सुरात हायेत." याला उत्तर नाही. पखवाज, टाळ आणि वीस जणांच्या कोरसमध्ये ऐकू जाईल, पावसात-उन्हात टिकेल आणि सतत लावावं लागणार नाही, असं दुसरं वाद्य मला तरी सुचवता आलं नाही.

आता याच्या बरोबर उलट टोकाचं वाद्य, जिथे एकही सूर कारखान्यातून ठरून येत नाही, ते देवलांच्या अगदी शेजारी बनत होतं. मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. तलवारींचे दिवस संपले होते, पोटाला दुसरा धंदा हवा होता (करिअर स्विच फक्त आयटीवाल्यांनाच करावा लागतो असं नाही). संस्थानिक पटवर्धनांचा आश्रय मिळाला. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. आजही मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हे काम चालतं, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

तानपुऱ्यातलं सगळं रहस्य घोडीवर आहे. गिटारची तार एका धारदार कडेवर टेकते. तानपुऱ्याची घोडी रुंद आणि किंचित गोलसर असते, आणि तार त्या उतारावर घासत टेकते. तारेखाली सुताचा एक धागा सरकवून जागा साधली की जवारी लागते, म्हणजे तो झणकार उमटतो. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी यावर शोधनिबंध लिहिला. पुस्तकातला नियम असा की तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर वाजणार नाही. रामन यांना दिसलं की तानपुरा आणि वीणा हा नियम सरळ धाब्यावर बसवतात, जे उपस्वर नसायला हवेत तेही वाजतात. कारण ती घोडी. तार हलते तशी तिची टेकायची जागा क्षणोक्षणी बदलते, आणि ऊर्जा एका उपस्वरातून दुसऱ्यात जाते.

१९७९ मध्ये बंगळूरच्या राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला, 'राडेल' त्यांचीच. सुरुवातीच्या त्या खोक्यांना गवई नाकं मुरडत, आणि त्यात तथ्य होतं, कारण जवारीची नक्कल साध्या सर्किटने होत नव्हती. आता मोबाइलवरची बरीच अॅप्स खऱ्या तानपुऱ्याच्या तारांचं रेकॉर्डिंगच वाजवतात. फरक अजूनही आहे. खऱ्या तानपुऱ्यात एक तार वाजताना शेजारची तिला साद देते, आणि दर आवर्तन थोडं निराळं येतं. पण भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ सुरू झाल्यावर हा फरक राहतो की नाही, हे मी न सांगता ऐकवून चार जणांना विचारलं. चौघांनी चार उत्तरं दिली. चार म्हणजे काही अभ्यास नव्हे, पण मित्राने तानपुरा घ्यायचा बेतही पुढे ढकलला.

आवाजात खराखुरा, जमीन-अस्मानाचा फरक कशाला म्हणतात ते ऐकायचं असेल तर खाँसाहेबांच्याच दोन काळच्या ध्वनिमुद्रिका ऐका. पहिल्या १९०५ च्या सुमाराच्या. भोंग्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या जोराने सुई हलणार आणि मेणावर रेघ उमटणार. वरचे-खालचे बरेच सूर वाटेतच मरायचे. १९२५ नंतर मायक्रोफोन आला. खाँसाहेबांच्या ओडियन कंपनीसाठीच्या तबकड्या १९३० च्या दशकाच्या मधल्या, म्हणजे मायक्रोफोनच्या. तिथे तानपुरा ऐकू येतो, श्वास ऐकू येतो. हा फरक सांगायला नल टेस्ट लागत नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये पाँडिचेरीला जाताना वाटेत एका स्टेशनावर त्यांचं निधन झालं. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे आणि तिथे दर वर्षी गाणं होतं.

आणि आता १९९७ चं ऑटो-ट्यून. अँडी हिल्डेब्रँड या माणसाने तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींचं गणित केलं होतं, तेच गळ्याला लावलं. तुमचा सूर ओळखायचा आणि ठरलेल्या सुरांपैकी जवळच्या सुरावर ढकलायचा. ठरलेले सूर म्हणजे सुरुवातीच्या सेटिंगमध्ये बाराच, पेटीवाले. मित्राच्या प्रोजेक्टमध्ये बुवांच्या ट्रॅकवर असलं एक प्लगइन चढवलेलं मला सापडलं. "सगळे लावतात म्हणून" लावलेलं. बुवा ३०० वर गात होते, तानपुरा त्यांना ३०० च सांगत होता, आणि सॉफ्टवेअर त्यांना इमानेइतबारे ३०२.४ वर नेऊन ठेवत होतं. वर कोमल रिषभाचं आंदोलन इस्त्री करून सपाट. एडिसनच्या गायिकेला निदान स्वतः यंत्रासारखं गावं लागलं होतं, इथे ती तसदीही नाही. प्लगइन काढलं. बुवांनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि म्हणाले, "हां, हे माझं."

म्हणजे सॉफ्टवेअर-सॉफ्टवेअरमध्ये फरक नाही असं कुठे आहे? आहेच. बेरजेत नाही, बेरजेच्या आधी कुणीतरी घेऊन ठेवलेल्या निर्णयांत आहे: पॅन लॉ, लयीत ताणणं, आणि सप्तकाचे तुकडे किती. यातला शेवटचा निर्णय बदलायची सोयही आता बऱ्यापैकी आहे. लॉजिकमध्ये सूर वेगळे लावायची सेटिंग्ज पूर्वीपासून आहेत, एबलटन लाइव्हने २०२४ मध्ये बाराव्या आवृत्तीत ती दिली. खऱ्या पेटीतही डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनियम करून दाखवली आहे. आणि ऑटो-ट्यूनचं जुनं मॅन्युअल चाळताना मला स्केलच्या यादीत, अरबी वगैरेंच्या शेजारी, एक ओळ दिसली: 'इंडियन', रागासाठी वापरली जाणारी बावीस सुरांची. कॅलिफोर्नियाच्या सॉफ्टवेअरमधल्या त्या ओळीत देवलांचा हात कितपत आहे ते देवच जाणे, पण मला तरी सांगलीचा पेन्शनर डोळ्यांपुढे आला.

क्लेमेंट्स-देवलांची ती पेटी मला अजून प्रत्यक्ष बघायला मिळालेली नाही. सातारा-सांगली-मिरजेकडे कुणाच्या माळ्यावर, एखाद्या जुन्या वाड्यात, नेहमीपेक्षा जास्त सूर असलेली विचित्र पेटी धूळ खात पडली असेल तर कृपया कळवा. भाता फाटका असला तरी चालेल. फोनवर सूर मोजायचं अॅप आहे आणि शनिवारी मी रिकामाच असतो :)